पाठ बघून जा

४ नोव्हेंबर, मंगळवार

भाऊजी,

सप्रेम नमस्कार असं लिहायला घेतलं होतं. त्यातलं सप्रेम खोडलं आहे, दिसतच असेल. नुसता नमस्कार.

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून तुम्हाला वाटेल, कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. जायचे ते आधीच गेले. मी बरी आहे, डावा गुडघा सोडून. यांच्यामागे बाइंडिंगचं काम मीच चालवते. मोठी कामं आता येत नाहीत. वाचनालयाची फाटकी पुस्तकं येतात, वकिलांच्या फायली येतात. पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस पुढच्या खोलीत होता तिथेच आहे. त्याचं चाक हे एका हाताने फिरवायचे, मला दोन्ही हात लावून वर लोंबकळावं लागतं.

कामाचं लिहिते. वाचनालयाने या महिन्याच्या शेवटी कार्यक्रम ठेवला आहे. प्रेमाच्या कविता आणि गोष्टी वाचायच्या, आणि प्रेम म्हणजे नुसतं तरुण मुलामुलींचं नाही, जितक्या तऱ्हांचं असतं तितक्या तऱ्हांचं. ग्रंथपालबाई नवीन आहेत, चालतात त्याही धावल्यासारख्या. त्यांनी कपाटांतून छत्तीस पुस्तकं काढून माझ्याकडे आणून टाकली.

म्हणाल्या, "काकू, ही सगळी टेबलांवर मांडायची आहेत आणि एकाचीही पाठ धड नाही."

मी म्हटलं, "प्रेमाची पुस्तकं ना? लोक उशाला घेऊन झोपतात. पाठ जाणारच."

बाई हसल्या, मीही हसले. हे सकाळी अकराला. साडेअकराला मी पहिलं पुस्तक उघडलं.

सगळी यांनीच बांधलेली. शिलाईच्या शेवटी दोन गाठी एकावर एक मारायची सवय दुसऱ्या कोणाला नव्हती. बाहेरचं कापड सोडवलं. शिलाई आणि कापड यांच्यामध्ये पाठ ताठ राहावी म्हणून रद्दी कागदाची पट्टी चिकटवतात, हे मी तुम्हाला काय सांगणार. हे नेहमी खाकी कागद लावायचे. या पुस्तकात पांढरी पट्टी होती, लिहिलेली बाजू आत. ओलं फडकं ठेवलं, खळ सुटली, पट्टी अख्खी हातात आली. तिच्यावर दोन ओळी छापलेल्या आणि खाली पेन्सिलीने एक.

छापलेलं असं:

आज तुझ्या बोटात दाभण गेलं.
दिवसभर माझ्या ओळी चुकत राहिल्या.

पेन्सिलीने असं:

बोट बरं आहे. ओळी नीट कर.

पेन्सिलीचं अक्षर यांचं. छापील अक्षरावरून माणूस ओळखता येत नाही म्हणतात. पण तुमच्या छापखान्यातल्या ‘ळ’च्या शिशाच्या खिळ्याचा खालचा टवका उडालेला होता, आणि तो तुम्हीच मला एकदा भिंग धरून दाखवला होता.

दुसऱ्या पुस्तकात:

सगळी अक्षरं मी उलटी वाचतो.
तूच एकटा सुलटा दिसतोस.

आणि खाली यांचं: चष्मा बदल.

भाऊजी, हे काय आहे? एका कारागिराने दुसऱ्या कारागिराची केलेली थट्टा असेल तर तसं कळवा. मी लगेच विश्वास ठेवीन. ठेवायला तयारच बसले आहे.

दवाखान्यात तुम्हाला आत सोडलं नाही त्याचा राग तुम्ही धरला असेल. तो त्यांचा नियमच होता. घरच्यांनाच सोडतात, नर्सच्या हातात काही नसतं. नंतर तुम्ही पाठवलेलं पत्र मी न उघडता परत केलं, तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पाकिटावरचा पत्ता मात्र लक्षात राहिला. तुम्ही अजून भाचीकडेच असाल असं धरून चालते.

वहिनी (दुसरं काय लिहिणार?)


७ नोव्हेंबर, शुक्रवार

भाऊजी,

उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. अकरा पुस्तकं उघडून झाली. नऊंमध्ये कागद निघाले. दोघांत साधी खाकी पट्टी होती. त्या दोन पुस्तकांवरून मी हात फिरवला.

थट्टा नाही ही. नऊ-नऊ पुस्तकांत कोणी थट्टा करत नाही.

गोष्टींमध्ये बायकोला असा कागद सापडला की ती मटकन खाली बसते, नाहीतर तिची शुद्ध जाते. अशा गोष्टी मी पन्नास तरी वाचल्या असतील. माझं तसं काही झालं नाही. खळ कालवून ठेवली होती, ती वाळायला लागली होती, म्हणून आधी तीन पुस्तकांना पुठ्ठे लावले. मग हात धुतले. मग हात पुसले. मग पुन्हा धुतले. मुलीचा फोन आला. "आई, आवाज असा का येतोय?" म्हणाली. मी म्हटलं, धूळ फार आहे पुस्तकांत.

आता सगळं आठवायला लागलं आहे, आणि आठवतंय ते थांबत नाही. हे रोज बाराच्या सुमाराला पुढच्या दारातून अंगणापलीकडे हाक मारायचे, "पाठ बघून जा रे!" आणि तुम्ही छापखान्यातून हात पुसत यायचात. बावीस वर्षं. मी आत ताटं मांडत असायची आणि मनात म्हणायची, खिळे जुळवणाऱ्या माणसाला पुस्तकाच्या पाठीतलं काय कळतं, पण बघा कसा मान देतात एकमेकांच्या कामाला! मुलीलासुद्धा सांगायची मी, कारागीर असावेत तर असे.

म्हणजे पट्टी चिकटवण्याआधी तुम्ही उत्तर वाचून जायचात. आणि तिकडे तुम्ही एक प्रत काढली की ओळी मोडून खिळे खणांत परत सोडायचात. छापखान्यात काही उरत नाही, कागद पुस्तकात गेला, पुस्तक वाचनालयात गेलं. काय डोकं लावलंत दोघांनी! एवढं डोकं धंद्यात लावलं असतंत तर दोन मजली दुकान झालं असतं.

जेवताना मी यांना म्हणायची, "तुमच्या मित्राचं कुठेतरी जमवा आता."

हे म्हणायचे, "त्याला कोण देणार मुलगी? नखांत शाई."

तुम्ही म्हणायचात, "वहिनींसारखी वाढणारी मिळाली तर उद्या उभा राहतो."

आणि आपण तिघं हसायचो. भाऊजी, त्यातले दोघं कशाला हसत होते?

एक पट्टी वेगळी ठेवली आहे. तुमचं असं आहे:

दोन दिवस तुझी हाक नाही.
यंत्राचा आवाज आज फारच मोठा.

यांचं असं: मुलीला ताप. ही दोन दिवस बसून आहे. हिच्याजवळ थांबलो.

तो ताप मला आठवतो. हे खरंच थांबले होते. पाण्याच्या पट्ट्या बदलत होते, मला बळेच झोपवलं होतं. माझ्या आयुष्यातला तो चांगला दिवस आहे, तापाचा असूनही. आता त्या दिवसाच्या मागच्या बाजूलासुद्धा तुमचा कागद चिकटलेला निघाला. माझं म्हणून काही ठेवलंत का नाही तुम्ही? त्या घरात मी कोण होते? एकतीस वर्षं संसार केला मी. तुमच्या मित्राबरोबर केला, का तुमच्या मित्राच्या उरलेल्या वेळाबरोबर?

याचं उत्तर मला हवं आहे. तुम्ही दिलंत तर तुमच्याकडून, नाहीतर पंचवीस पुस्तकं अजून बाकी आहेत.


१२ नोव्हेंबर, बुधवार

भाऊजी,

उत्तर नाही. समजू शकते. मीही तुमचं परत केलं होतं.

मागचं पत्र रागात लिहिलं. खोडत नाही, ते तसंच असू दे. पण आज थोडी निवांत आहे. आता पुस्तक उघडताना मी कागद नसू दे असं म्हणत नाही. असू दे असंही म्हणत नाही. उघडते.

तुम्हाला माहीतच आहे, मी शाळेत गेले ती चार महिने. लग्न होऊन आले तेव्हा दुकानाच्या पाटीवरची अक्षरं एकेक करून लागायची. वाचायला मी फर्म्यांवर शिकले. छापखान्यातून मोठाले कागद यायचे, एकेकाच्या घड्या घालून सोळा पानं करायची. घड्या घालता घालता वाचायचं. सतरा ते बत्तीस पानं माझ्याकडे आली तर सतरा ते बत्तीसच वाचायची. कोणी कोणाला का सोडून गेलं ते कळायचं नाही, पण ती रडते आहे हे कळायचं. अडलं की यांना विचारायची. हे म्हणायचे, "मला शिवायचं कळतं, वाचायचं त्याला विचार." मग तुम्ही जोडाक्षराचा खिळा खिशातून आणून माझ्या तळहातावर ठेवायचात. "वहिनी, हा ‘ज्ञ’. दिसतो भीतिदायक, स्वभावाने गरीब आहे." तेव्हापासून मी ‘ज्ञ’ला कधी घाबरले नाही.

हे आठवलं आणि तुमच्यावर धड चिडताही येईना.

काल ग्रंथपालबाई आल्या होत्या, कुठवर आलं ते बघायला. टेबलं कशी मांडायची त्याचा कागद त्यांनी दाखवला. एक टेबल आईमुलांच्या प्रेमाचं, एक भावंडांचं, एक नवराबायकोचं, एक मैत्रीचं, एक गेलेल्या माणसांवरच्या प्रेमाचं. प्रत्येकावर वेगळ्या रंगाचा कागद अंथरायचा.

मी विचारलं, "एखादं पुस्तक दोन टेबलांवर बसत असेल तर?"

"मग जास्त कुठे बसतं ते बघायचं."

"आणि कुठेच बसत नसेल तर?"

बाईंनी कागदाची घडी घातली. "काकू, तुमच्या लक्षात कोणतं पुस्तक आहे?"

"सहज विचारलं," म्हटलं.

"तुम्हीसुद्धा त्या संध्याकाळी काहीतरी वाचायचं हं. आमच्या सभासदांत तुमच्याइतकं कोणी वाचत नाही."

"मी? माझा आवाज तीन माणसांपलीकडे जात नाही."

"मग मी पहिल्या रांगेत तीनच माणसं बसवते," म्हणाल्या आणि गेल्यासुद्धा धावत.

त्या गेल्यावर मला एक गोष्ट छळायला लागली. पहिल्या पत्रात मी दवाखान्याचं लिहिलं आहे, नियम होता वगैरे. तसा नियम होता, पण तो सगळे मोडायचे. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे त्याचे पत्ते खेळणारे मित्र यायचे, पाच-पाच जण. नर्सने मला विचारलं होतं. म्हणाली, "बाहेर एक जण बसलेत, भाऊ म्हणतात स्वतःला. सोडू का?" मी म्हटलं, "यांना भाऊ नाही."

एवढंच म्हटलं. खोटं काही नव्हतं त्यात. तुम्ही चार दिवस बाकावर बसून होतात आणि मग गेलात.

का म्हटलं, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. आज वाटतं, फर्मे वाचणारी मी, पुढचंमागचं पान नसताना रडणं ओळखणारी. मला काहीच माहीत नव्हतं असं मी कोणाला सांगू?


२० नोव्हेंबर, गुरुवार

भाऊजी,

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. भाचीच्या हातचं आहे हे अक्षरावरून कळलं. डोळ्यांचं वाचून वाईट वाटलं. आयुष्यभर खिळे निवडलेल्या माणसाला समोरची खिडकीसुद्धा दिसू नये! आणि तुमची भाची हे सगळं लिहून घेते, वाचून दाखवते, म्हणजे तिला सगळं ठाऊक आहे. आधी लाज वाटली. मग वाटलं, बरं झालं, तुमच्याजवळ कोणीतरी होतं ज्याला ठाऊक होतं.

तुम्ही मोजून दहा ओळी लिहिल्यात. लांबण लावली असतीत तर मी तुमच्याशी भांडले असते. "वहिनी, कागदावर आहे ते सगळं खरं आहे. कागदावर नाही त्यातलंही पुष्कळ खरं आहे, ते विचारू नका. पण तुमच्या घरी मी कधी खोट्या मनाने जेवलो नाही." हे मी चार वेळा वाचलं. मला वाटलं होतं, तुम्ही नाही म्हणाल. नाही म्हणण्याची वाट मी पहिल्या पत्रात तुम्हाला करून दिली होती. तुम्ही ती घेतली नाहीत. कोणीतरी खरं बोललं की बसायला जमीन तरी मिळते.

कागदांचं तुम्ही ठरवा म्हणालात. अठ्ठावीस झाले सगळे मिळून. एका वहीत क्रमाने लावते आहे. क्रम कशावरून लावायचा ते सापडलं: तुमचा ‘ळ’ जितका झिजलेला तितका कागद नंतरचा.

आता मुख्य सांगते. शेवटच्या पुस्तकातली पट्टी छापील नाही. छापखाना बंद होऊन शिसं भंगारात गेलं त्यानंतरची ती असणार. दोन्ही अक्षरं पेन्सिलीची. वर यांचं:

हिला सांगू आता. वाचणारी आहे. हिला कळेल.

आणि खाली तुमचं: घाई नको.

भाऊजी, ती पट्टी सापडली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पुढच्या खोलीत ऊन होतं. मी यांच्या स्टुलावर बसले आणि मोठ्याने म्हटलं, "कळेल म्हणे!" खोलीत कोणी नव्हतं. एकतीस वर्षांत या माणसाने मला कधी चांगली म्हटलं नाही. भाजी चांगली म्हटली, शिलाई चांगली म्हटली. आणि तुमच्यापाशी माझी ही एवढी मोठी शिफारस! वाचणारी आहे. मला कोणी साडी आणली नाही, फुलं आणली नाहीत, पण हे मी कुठे ठेवू? अठ्ठावीस कागदांत एक माझा निघाला. मी मोजते आहे, हसाल तुम्ही. मला एक पुरला.

तुम्ही विचारलं आहे, सहा वर्षांपूर्वीही तेच विचारलं होतं म्हणता, की शेवटचे दिवस कसे गेले. त्रास फार झाला नाही. शेवटचे दोन दिवस झोपेतच होते. पुढचं पुन्हा कधी लिहीन. पुस्तकं पुरी करायची आहेत.

कार्यक्रमात यातलं थोडं वाचलं तर चालेल का? नावं सांगणार नाही. उत्तर यायला वेळ नाही, शनिवारीच कार्यक्रम आहे पुढच्या. ठरवा म्हणालात म्हणून ठरवते.


३० नोव्हेंबर, रविवार

भाऊजी,

कार्यक्रम काल झाला. नीट सगळं सांगते, मध्ये काही गाळणार नाही. गाळायची सवय मोडायची म्हणूनच हे पत्र आहे.

साठ-सत्तर माणसं होती. टेबलं रंगीत. एका मुलीने आजीवरची कविता वाचली. पोस्टातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी कुत्र्यावरची गोष्ट वाचली आणि वाचता वाचता स्वतःच रडले, लोकांनी पाणी दिलं. मग माझं नाव पुकारलं.  मी म्हटलं, "हे मला जुन्या पुस्तकांच्या पाठींत सापडलं. दोन कारागिरांचं आहे. एकाने छापलं, दुसऱ्याने पेन्सिलीने उत्तर दिलं." आणि वाचलं. सात वाचले.

‘चष्मा बदल’ला सगळं सभागृह हसलं. खरंच हसलं, भाऊजी, मागच्या रांगेपर्यंत. ‘ओळी नीट कर’लाही हसले. ‘यंत्राचा आवाज’ वाचलं तेव्हा कोणी खोकलंसुद्धा नाही. तुमच्या ओळी इतक्या माणसांनी एकदम ऐकल्या आणि त्यांना त्या आवडल्या. हे तुम्हाला आधी सांगायचं होतं, मग पुढचं.

वाचून झाल्यावर ते कुत्रेवाले गृहस्थ म्हणाले, "पेन्सिलवाली बाई फटकळ दिसते!"

पुन्हा हशा. मला ते सहन झालं नाही. माझ्या तोंडून गेलं, "बाई नाही. माझे यजमान होते ते."

 मग पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अगंबाई! म्हणजे छापलेल्या ओळी तुमच्या?"

मी दोन कारागीर म्हटलं होतं. माझे यजमान म्हटलं होतं. बोटात दाभण, यंत्राचा आवाज, ‘मी वाचतो’, ‘तू दिसतोस’, सगळं वाचून दाखवलं होतं. तापाची ओळ तेवढी वाचली नव्हती. आणि तरी त्यांना तेवढंच दिसलं जेवढं त्यांच्या ओळखीचं होतं. माझ्याकडे एक शब्द बोलायला वेळ होता. "नाही," एवढाच.

मी बोलले नाही.

टाळ्या वाजल्या. उभं राहून वाजवल्या. ग्रंथपालबाईंनी मला मिठी मारली. "काकू, इतकी वर्षं लपवून ठेवलंत!" म्हणाल्या. ती मुलगी माझ्या पाया पडली. तुमच्या ओळींसाठी, भाऊजी. वाचनालयाने ते कागद काचेत लावायचं ठरवलं आहे, आणि नवराबायकोच्या टेबलावर.

घरी आले आणि स्टुलावर बसले. कोणी मला थोबाडीत मारली असती तर मी इतकी हादरले नसते. कारण टाळ्या वाजत होत्या तेव्हा मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटत होतं. आणि मग लक्षात आलं की हे मी पहिल्यांदा केलेलं नाही. तुमची जागा घेऊन गप्प बसायचं, हे मी आधी एकदा केलं आहे.

शेवटचे दिवस कसे गेले असं तुम्ही विचारलंत. सांगते.

सातव्या दिवशी सकाळी हे शुद्धीवर आले. डॉक्टर म्हणाले होते, आता कठीण आहे, पण आले. डोळे उघडले, छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी चमच्याने पाणी देत होते. पाण्याचा घोट गिळला आणि म्हणाले, "तो आला का?"

कोण तो, असं मी विचारलं नाही. दाराला काच होती आणि काचेतून बाकाचं टोक दिसत होतं. तुमचा खांदा दिसत होता. करड्या स्वेटरचा. तुम्ही झोपला नव्हतात, मान ताठ होती. तो तुमचा चौथा दिवस होता.

मी म्हटलं, "नाही. कोणी आलं नाही."

यांनी चमचा हळूच बाजूला सारला. मग म्हणाले, "कामात असेल."

छापखाना बंद होऊन दोन वर्षं झाली होती, भाऊजी. कसलं काम? त्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. तरी त्यांनी तुमची बाजू सावरून घेतली. माझ्यासमोर, त्या अवस्थेत. मग माझा हात थोपटला, का तर मला वाईट वाटू नये, आणि डोळे मिटले. त्यानंतर झोपच. दोन दिवसांनी गेले. त्या दुपारी तुम्ही उठून गेलात ते मी काचेतून बघितलं. हाक मारायला पाच पावलं होती.

का केलं विचाराल. इतक्या दिवसांनी शुद्धीवर आलेल्या माणसाने पहिला शब्द माझ्यासाठी बोलायला हवा होता, म्हणून. एवढंच. यापेक्षा मोठं कारण शोधलं, नाही मिळालं. तेव्हा कागद सापडलेले नव्हते. मला काही ठाऊक नव्हतं अशी सबब चालली असती, पण मी ती आधीच्या एका पत्रात स्वतःच मोडून ठेवली आहे. हिला कळेल असं त्यांनी लिहिलं होतं. मला कळलं होतं, भाऊजी. कळलं म्हणूनच खोटं बोलले.

त्यांना आता सांगता येत नाही की तुम्ही आला होतात. तुम्हाला एवढं सांगता येतं की त्यांनी विचारलं होतं. सगळ्यांच्या आधी, पाण्याच्या पहिल्या घोटाबरोबर. ते तुमचं होतं. माझ्याकडे सहा वर्षं पडून राहिलं.

आज सकाळी ग्रंथपालबाईंच्या घरी जाऊन आले. दारातच सांगितलं, त्या ओळी माझ्या नाहीत, ज्यांच्या आहेत ते हयात आहेत, काचेत काही लावू नका. बाईंचा चेहरा पांढरा झाला. "मग काकू, कोणाच्या?" म्हणाल्या. मी म्हटलं, "यजमानांचं ज्यांच्यावर प्रेम होतं त्यांच्या." त्यांनी दार पूर्ण उघडलं. मग आत बोलावून त्यांनी चहा केला. काल ठेवून घेतलेले कागद त्यांच्या कपाटात होते, ते माझ्या हातात दिले. "चुकीच्या टेबलावर मांडले मी," एवढंच म्हणाल्या. उद्या सगळं गाव बोलेल. बोलू दे. माझ्याकडे पुस्तकं येतील ती येतील.

या पत्राला उत्तर पाठवू नका. भाचीला लिहायला सांगून, शब्द निवडून उत्तर देण्याजोगी ही गोष्ट नाही. बुधवारी सकाळच्या गाडीने निघते, दोनच्या सुमाराला पोचेन. वही घेऊन येते, अठ्ठावीसही कागद तिच्यात आहेत. तुम्हाला दिसत नाही तर मी वाचून दाखवीन, सगळे, तापाचासुद्धा. आणि आधी तुम्हाला जे बोलायचं ते बोला. भाचीला बाहेर पाठवायचं तर पाठवा. माफ करा असं मी म्हणणार नाही, ते मागायला मी येत नाही. ऐकायला येते.